तुम्ही व्हा पुढें

डोंगर चढतांना घरांतील एखादें वृद्ध माणूस वाटेंत थांबतें, पदरानें कपाळ टिपून दगडावर बसतें आणि म्हणतें, "तुम्ही व्हा पुढें; मी येतें हळूहळू." हें वाक्य ज्यांच्या कानीं कधीं पडलें नाहीं असे वाचक थोडेच असतील, आणि तें ऐकून पुढें न झालेले तर त्याहूनही थोडे. ह्या वाक्यांत अनुज्ञा किती व आर्जव किती, आणि ऐकणार्‍यास त्यानें खरोखरीच मोकळीक मिळते कीं काय, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुद्र वाटेल. कांहीं वर्षांपूर्वीं पौष महिन्यांतील एका रविवारीं तो कनकेश्वराच्या पायर्‍यांवर आमच्यापुढें उभा राहिला, व अद्याप त्यानें आमची पाठ सोडलेली नाहीं.

मुंबईहून लाँचनें मांडव्यास उतरावें, तेथून रिक्षानें मापगांव गांठावें, म्हणजे झाडीनें भरलेला हा डोंगर समोरच दिसतो. रायगड जिल्ह्याच्या किनार्‍यावरील मंडळींना त्याचें वर्णन सांगावयास नको. (१९८१ पर्यंत ह्या जिल्ह्यास कुलाबा म्हणत, आमच्या आत्याबाई शेवटपर्यंत कुलाबाच म्हणत राहिल्या.) पायथ्यापासून वर सुमारें सातशें दगडी पायर्‍या आहेत. राघोजी आंग्रे ह्यांचे दिवाण गोविंद रेवादास ह्यांनीं त्या १७६४ सालीं बांधविल्या. आंग्र्यांचें आरमार गेलें, संस्थानही खालसा झालें. दिवाणजींच्या पायर्‍यांवरून लोक अजून देवाला जातात.

गुराख्याला पायरी लागत नाहीं. झुडपांतून गेलेली पायवाट त्याला पुरते. ज्यानें पायर्‍या घातल्या त्याच्या डोळ्यांपुढें गुडघे दुखणारीं माणसें असलीं पाहिजेत, कडेवर मूल घेतलेल्या बायका असल्या पाहिजेत. म्हणजे वाट बांधणार्‍यानें मंद चालणार्‍यांचा विचार अगोदरच करून ठेवला होता. वाटेनें जाणार्‍यांनीं तो करावयाचा राहिला.

आम्ही सहाजण होतों: आत्याबाई, आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई आणि सहा वर्षांचा नातू. आत्याबाईंचें वय अठ्याहत्तर. माहेर अलिबागेकडचें, लहानपणीं महाशिवरात्रीस त्या अनवाणी हा डोंगर चढत, आणि आणखी एकदां देव पाहावा अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. सहलीचें निमित्तच मुळीं त्या होत्या. तथापि पहिल्या शंभर पायर्‍यांतच सहाजणांच्या तीन चाली झाल्या. नातू धांवत पुढें जाई आणि एकाएकीं बसकण मारून रडूं लागे. त्याच्यासाठीं आम्ही सात वेळां तरी थांबलों असूं, आणि त्याचा कोणालाही कंटाळा नव्हता. कोणी त्याला झाडावरचीं वानरें दाखवी, कोणी हातावर खडीसाखर ठेवी. आत्याबाईंसाठीं दोनदां थांबलों. दोन्ही वेळां चिरंजिवांनीं घड्याळ पाहिलें. दुसर्‍या वेळीं आम्हींही पाहिलें.

हा भेद कां? दोघांची चाल सारखीच मंद होती; उलट आत्याबाई निदान रडत नव्हत्या. पुष्कळ विचारान्तीं आम्हांस असें वाटतें कीं, मुलाचें मागें राहणें दरसाल कमी होणार असतें. आज त्याला दिलेली घटका, उद्यां तो आपल्यापुढें धांवूं लागला म्हणजे वसूल होते. वृद्धाचें मागें राहणें वाढतच जाणार, व त्याच्या शेवटीं काय आहे तें सर्वांस ठाऊक असतें. मुलापाशीं आपण थांबतों त्या थांबण्यांत ममता आहे खरी, पण थोडी सावकारीही आहे. हें लिहितांना आम्हांस बरें वाटत नाहीं.

नागोबाच्या टप्प्यावर आत्याबाई बसल्या आणि तें वाक्य म्हणाल्या. आम्ही पुढें झालों.

युरोपांत डोंगर केवळ पाहण्याकरितां चढणार्‍यांत इटलीच्या पेट्रार्क कवीचें नांव प्रथम घेण्याची रीत आहे. १३३६ सालीं त्यानें फ्रान्सच्या दक्षिणेकडील व्हांतू नांवाचा डोंगर चढल्याची हकीकत एका पत्रांत दिली आहे. तें पत्र त्याच वेळचें कीं मागाहून रचलेलें, ह्याविषयीं पंडितांत वाद आहे. बरोबर कोणास न्यावें ह्याचा त्यानें आधीं बारकाईनें विचार केला. एक मित्र फार सुस्त, दुसरा फार उतावळा, कोणी फार बोलका तर कोणी फार मुका. अखेर त्यानें धाकट्या भावास घेतलें. माथ्यावर त्यानें संत ऑगस्टिनचें पुस्तक उघडलें आणि आत्म्याकडे दुर्लक्ष केल्याबद्दल स्वतःस दोष दिला. त्या प्रसंगावर विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आमचें लक्ष मात्र दुसर्‍याच गोष्टीकडे जातें. भाऊ उभ्या धारेनें सरळ चढून गेला, कवि सोपी वाट शोधीत भटकला, आणि दमून भागून जेव्हां त्यानें भावास गांठलें तेव्हां तो वाट पाहत बसलेला होता. हा भाऊ आम्हांस फार आवडतो. पण पेट्रार्काप्रमाणें पारखून सोबती घेण्याची सोय कुटुंबांत नसते. तेथें सुस्त, उतावळे, बोलके व मुके सर्व एकाच लाँचनें निघतात.

आपल्याकडील ह्या प्रश्नाचें रूप अधिक भयंकर आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत एक संपूर्ण कुटुंब डोंगर चढत आहे. पांच भाऊ, त्यांची पत्नी आणि मागें एक कुत्रें. प्रथम द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, आणि शेवटीं भीम. दर वेळीं भीम कारण विचारतो, धर्मराज पडलेल्या माणसाचा दोष सांगतो, आणि मागें वळून न पाहतां चालूं लागतो. पुढें इंद्र रथ घेऊन येतो तेव्हां तोच धर्मराज भावांवांचून व द्रौपदीवांचून स्वर्ग नको म्हणतो, आणि कुत्र्याला टाकून रथांत पाऊल ठेवीत नाहीं. इंद्र त्याला नेमकें वर्मावर बोट ठेवून विचारतो, कीं बायको टाकलीस, भाऊ टाकलेस, मग ह्या कुत्र्याचें काय एवढें? धर्मराजाचें उत्तर असें, कीं तीं मेलीं होतीं. मेलेल्यांना उठविणें माझ्या हातीं नव्हतें. जिवंत असतां मीं त्यांना सोडलें नाहीं.

उत्तर निरुत्तर करणारें आहे. पण शास्त्रीबोवांची क्षमा मागून आम्ही विचारतों, कीं वळून न पाहतां तीं मेलीं हें त्यानें जाणलें कसें? पडलेलें माणूस मेलें कीं नुसतें दमलें, एवढें कळण्यापुरतें तरी थांबावें लागतें. धर्मराजाला दिव्य दृष्टि असेल. आम्हांला ती नव्हती, आणि तरी टप्प्यावरून निघाल्यावर आम्हींही मागें पाहिलें नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, सर्वांनीं टप्प्यावरच बसून राहावें काय? तसेंही नाहीं. पांचजण तोंड उतरवून भोंवतीं बसले असते, तर आत्याबाईंना तें अधिक जड गेलें असतें. ज्याच्यासाठीं लोक खोळंबतात त्याला खोळंब्याचाही भार वाहावा लागतो, आणि त्यागाचें प्रदर्शन घरांतल्या घरांत फार असह्य होतें. आळंदीहून पंढरपूर सुमारें अडीचशें किलोमीटर. तरणा मनुष्य आठवड्याभरांत पोंचेल. पालखी ही वाट जवळजवळ तीन आठवडे चालते, आणि त्या चालीला कोणी उपकार म्हणत नाहीं, कारण पालखीची चाल तीच सर्वांची चाल. घरांतील माणसांना अशी पालखी नसते. शिवाय परवानगी ही, नाकारतां येत असेल तरच परवानगी. आत्याबाईंनीं तें वाक्य उच्चारलें नसतें, तर आमचीं तोंडें पाहून तें त्यांना थोड्या वेळानें उच्चारावेंच लागलें असतें.

वर आमचा वेळ उत्तम गेला, हें कबूल केलें पाहिजे. देवळाजवळची पुष्करणी, दाट सावली, खालीं खांदेरी-उंदेरीचे दुर्ग आणि धुक्यांत मुंबईची अंधुक रेघ. सव्वा तास केव्हां सरला तें कळलें नाहीं. तीनच्या सुमारास उतरूं लागलों, आणि पन्नास-साठ पायर्‍या खालीं येतों तों समोर आत्याबाई! टप्प्यापासून त्या एकट्या चढत आल्या होत्या. एक पायरी, मग बसणें. पुन्हां एक पायरी. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण आनंदित होता.

"किती राहिलें ग?" त्यांनीं सूनबाईस विचारलें.

"थोडेंच," सूनबाई म्हणाली, आणि तिनें आमच्याकडे पाहिलें. लाँच साडेपांचची होती. त्यांच्या चालीनें वर जाणें, दर्शन, आणि मग सातशें पायर्‍या उतरणें. हिशेब सर्वांनीं मनांत एकदमच केला. बोलावें कोणीं एवढाच प्रश्न होता. वडीलकीच्या नात्यानें आम्हींच म्हटलें, "आत्या, पुन्हां येऊं कीं."

त्या कांहीं बोलल्या नाहींत. वर झाडीकडे तोंड करून त्यांनीं हात जोडले, आणि चिरंजिवांचा हात धरून वळल्या. पुन्हां जाण्याचा योग आला नाहीं. त्यांचें टप्प्यावरचें वाक्य आणि आमचें हें वाक्य एकाच जातीचें होतें. फरक एवढाच कीं, त्यांच्या वाक्यानें आमची सोय झाली, आणि आमच्या वाक्यानेंही आमचीच.

मांडव्याच्या धक्क्यावर आम्ही वेळेवर पोंचलों. लाँच चाळीस मिनिटें उशिरा आली. तेवढा वेळ आत्याबाई नातवास जवळ घेऊन बाकावर बसल्या होत्या. लहानपणीं आम्हीही पायर्‍या मोजीत असूं, त्या सांगत होत्या, पण चढतांना एक आंकडा येई व उतरतांना दुसरा. मग त्यांनीं विचारलें, "मी भेटलें तेथून वर किती होत्या रे?"

"त्रेपन्न," तो म्हणाला. त्यानें मोजल्या होत्या. आम्ही समुद्राकडे पाहत राहिलों. लाँच अजून दिसत नव्हती.