कशासाठी दिला, ते लिहा

एखाद्या नट-लेखकाला उतारवयात जीवनगौरव जाहीर झाला की आपल्याकडे ठरलेले सूर लागतात. ‘फार उशीर केला’ हा पहिला; त्यात तक्रारीपलीकडे काही नाही. पुरस्कारांत वशिले चालतात, हा दुसरा. चालतात, पुढे बोला. तिसरा सगळ्यांत प्रतिष्ठित : ‘रसिकांची टाळी हाच खरा पुरस्कार.’ याच्याशी मात्र भांडायला हवं, कारण तो दिसतो उदार आणि आहे कंजूष.

कोकणातल्या लोटे परिसरातलं नमन हे लोकनाट्य बघा. वग लिहिणारा बहुधा वाडीतलाच. एमआयडीसीतली शिफ्ट करून तालमीला उभा राहतो आणि स्वतःच राजा नाहीतर खलनायक होतो. गण, गवळण, संकासुर आटोपून वगाला तोंड लागेपर्यंत मध्यरात्र उलटते, तरी माणसं हलत नाहीत. टाळ्या पडतात, शिट्ट्या पडतात, बक्षिसाच्या नोटा देणाऱ्याच्या नावानिशी माइकवरून पुकारल्या जातात. पण ही दाद असते नटाला. तोच लेखक असला तरी लेखकाच्या वाट्याला काही येत नाही, आणि संहितेची वही कोणाच्या तरी माळ्यावर जाते. पुढे हाच माणूस ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज करतो. दरमहा 5000 रुपयांसाठी किमान 15 वर्षांच्या कलासेवेचे पुरावे लागतात. अर्जाला टाळी जोडता येत नाही. ‘टाळी पुरे’ म्हणणारे बहुतेकदा तेच असतात, ज्यांची कारकीर्द छापील परीक्षणांनी आधीच नोंदवून ठेवलेली असते.

म्हणून पुरस्कार हवेत. पण कुठले?

पुलंचं उदाहरण घ्या. 1965 साली साहित्य अकादमीने ‘व्यक्ती आणि वल्ली’ला पुरस्कार दिला, तेव्हा एका पुस्तकाकडे बोट दाखवलं. रत्नागिरीचा अंतू बर्वा त्याच पुस्तकातला. ते उघडून, निवड बरोबर होती की चूक, यावर आजही कडाडून भांडता येतं. 1996 साली पहिला महाराष्ट्र भूषण त्यांना मिळाला. भांडण तेव्हाही झालं. पण ते पुलंनी युती सरकारवर केलेल्या टीकेवरून आणि बाळासाहेब ठाकरे यांनी हाणलेल्या प्रतिटोल्यावरून. ‘बटाट्याची चाळ’ स्वतः लिहून, एकट्याने रंगमंचावर वसवणाऱ्या माणसाचं नेमकं कसब काय, हा प्रश्न त्या गदारोळात कोणाला पडायचं कारणच नव्हतं. सबंध आयुष्याचा गौरव केला की आयुष्य बाजूला राहतं, देणारा आणि घेणारा एवढे दोघेच उरतात.

माझा मुद्दा एवढाच : कृतीला दिलेला पुरस्कार आणि कारकिर्दीला दिलेला पुरस्कार या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिल्यात परीक्षक स्वतःची अक्कल पणाला लावतो. दुसऱ्यात तो फक्त नम्र होतो, आणि नम्रतेला कोणी आव्हान देत नाही. मान्य, थकलेल्या कलावंताला त्या रकमेचा आधार होतो. मग तो आधार म्हणूनच द्यावा, भरघोस द्यावा. गुणग्रहण म्हणून मिरवू नये.

नट-लेखकाच्या बाबतीत हा फरक जास्तच बोचतो. दिलीप प्रभावळकरांना 2006 सालासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार ‘लगे रहो मुन्नाभाई’ आणि ‘शेवरी’तल्या भूमिकांसाठी मिळाला, कशाला मिळाला ते स्वच्छ आहे. पण ‘हसवाफसवी’ त्यांनी स्वतः लिहिलं आणि त्यात सहा भूमिका केल्या. याचं श्रेय लेखनाच्या रकान्यात घालायचं की अभिनयाच्या? अवघड आहे. पण परीक्षक नेमायचे ते असल्याच अवघड कामासाठी ना? जीवनगौरव त्यांची या कामातून सुटका करतो.

राज्य नाट्य स्पर्धेच्या निकालात निदान नटाच्या नावापुढे नाटकाचं नाव छापलेलं असतं. नमनाच्या सत्कारात शाल आणि नारळ. मंडळांनी, ग्रामपंचायतींनी आणि वर्गणी देणाऱ्या लोट्यातल्या कारखान्यांनी एक कागदही द्यावा : वगाचं नाव, साल, कोणी लिहिला, कोणी कुठली भूमिका केली, आणि त्यात आवडलं काय, याच्या दोन ओळी. त्या ओळी चुकीच्या निघाल्या तर पुढच्या शिमग्यात कोणीतरी त्या खोडून काढीलच.