जादूला कायदा लागतो तेव्हा

ब्रँडन सँडरसन या अमेरिकी लेखकाच्या 'मिस्टबॉर्न' (2006) या कादंबरीत जादूगार मंत्र पुटपुटत नाही. तो मद्यार्कात मिसळलेले धातूचे बारीक कण पितो आणि पोटातल्या पोटात तो धातू 'जाळतो'. पोलाद जाळले की आसपासच्या धातूच्या वस्तू दूर ढकलता येतात, लोखंड जाळले की त्या स्वतःकडे ओढता येतात. पण वस्तू ढकलणाऱ्यापेक्षा जड असेल, किंवा कशाला तरी टेकलेली असेल, तर ती हलत नाही. ढकलणाराच मागे फेकला जातो. म्हणून तो जमिनीवर नाणे टाकतो, त्याला खाली रेटतो आणि छपरांवरून उडत जातो. शाळेत न्यूटनचा तिसरा नियम घोकलेल्या वाचकाला इथे काहीतरी ओळखीचे दिसते आणि पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. नाणे हवेत असतानाच ढकलले तर? समोरून दुसऱ्या कुणी तेच नाणे उलट रेटले तर?

अल्लाउद्दीनच्या दिव्यातला राक्षस एका रात्रीत महाल उभा करतो, तेव्हा दगड कुठल्या खाणीतून आले असे कोणी विचारत नाही. विचारणारा अरसिक ठरतो. सँडरसनच्या वाचकांत मात्र असे विचारणाराच रसिक मानला जातो. हा पालट कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. (पुढे काही कथांची रहस्ये उघड होतील, त्याला इलाज नाही.)

मर्यादा असलेली जादू आपल्याला नवी नाही. कर्णाजवळची वासवी शक्ती एकदाच वापरता येते. ती घटोत्कचावर खर्ची पडते आणि अर्जुन वाचतो. शस्त्र खाली ठेवणाऱ्याला नारायणास्त्र मारत नाही. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता येते, परत घेता येत नाही. पण या अटी एकेका अस्त्राच्या आहेत. वासवी शक्तीची अट कळली म्हणून नारायणास्त्राची अट ओळखता येईल, असे नाही. एका नियमावरून दुसरा नियम काढता यावा, ही कल्पना निराळी, आणि कथावाङ्मयात ती बरीच उशिरा आली.

तिचे मूळ कादंबरीत नाही, मानववंशशास्त्रात आहे. जेम्स फ्रेझरने 'द गोल्डन बाउ' (1890) या ग्रंथात जगभरचे जादूटोणे गोळा करून त्यांमागे दोन तत्त्वे दाखवली. सारख्यामुळे सारखे घडते, म्हणून शत्रूच्या बाहुलीला टाचणी टोचायची. आणि एकदा संपर्कात आलेल्या वस्तूंचा संबंध तुटत नाही, म्हणून त्याचे केस नि नखे मिळवायची. फ्रेझरच्या दृष्टीने जादू म्हणजे चुकलेले विज्ञान होते. पन्नास वर्षांनी, 1940 मध्ये, जॉन कॅम्पबेलच्या 'अननोन' मासिकात स्प्रेग डी कॅम्प आणि फ्लेचर प्रॅट या जोडीने ते चुकलेले विज्ञान खरे धरून कथा लिहिल्या. त्यांचा नायक मानसशास्त्रज्ञ. तो तर्कशास्त्राच्या सूत्रांच्या जोरावर नॉर्स पुराणांच्या जगात पोहोचतो आणि तिथे हीच तत्त्वे वापरून मंत्र जुळवतो. 1969 मध्ये लॅरी निव्हनने आणखी एक पाऊल टाकले. त्याच्या एका कथेत जादूची शक्ती खनिज तेलासारखी उपसून संपणारी आहे, आणि ती संपलेल्या जागी थोरला मांत्रिकही साधा म्हातारा होतो. 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला. खेळणाऱ्याला दिवसात किती मंत्र टाकता येतात, हे छापावेच लागले. त्याशिवाय खेळ चालणार कसा? तिथून जादूला कोष्टक मिळाले.

लेखक कोष्टकाकडे निघाले होते, तेव्हा वाचकांचाही एक वेगळा प्रवास चालला होता. 1911 मध्ये ऑक्सफर्डला रोनाल्ड नॉक्स यांनी शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. बायबलच्या चिकित्सेची सगळी अवजारे त्यांनी गमतीने, पण शिस्तीत, या कथांना लावली. तेव्हापासून एक खेळ रूढ झाला: कथा हा खरा इतिहास मानायचा आणि त्यातल्या विसंगतींचा उलगडा कथेच्या आतूनच करायचा. वॉटसनची युद्धातली जखम 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये खांद्याला आहे, 'द साइन ऑफ फोर'मध्ये पायाला. कॉनन डॉयलचा विसराळूपणा, असे म्हटले की खेळ खलास. गोळ्या दोन लागल्या होत्या का, असे विचारले की खेळ सुरू.

टॉल्किनच्या वाचकांनी हा खेळ टॉम बॉम्बॅडिल या पात्रावर खेळला. ज्या अंगठीपुढे भले भले लटपटतात ती या गृहस्थावर काहीच परिणाम करत नाही. मग तो आहे तरी कोण? टॉल्किनने 1954 मधल्या एका पत्रात सांगून टाकले की काही कोडी राहिलीच पाहिजेत आणि बॉम्बॅडिल हे मुद्दाम ठेवलेले कोडे आहे. तर्क थांबले नाहीत, पण त्यांना पाय टेकायला जमीन नव्हती. टॉल्किनच्या जगात जादू आहे, जादूचा हिशेब नाही.

रॉबर्ट जॉर्डनच्या 'द व्हील ऑफ टाइम' मालिकेत तो थोडाफार आला. एका शक्तीचे स्त्री आणि पुरुष असे दोन भाग, पाच धारा, त्यांची वीण. तरीही वाचकांचा सर्वांत गाजलेला वाद जादूवर नव्हता, एका खुनावर होता. 1993 मध्ये आलेल्या पाचव्या भागाच्या शेवटी ॲस्मोडियन नावाचे पात्र मारले जाते. मारेकरी दाखवलेला नाही. जॉर्डन 2007 मध्ये वारले, मालिका पुरी करण्याचे काम सँडरसनकडे आले आणि 2010 च्या 'टॉवर्स ऑफ मिडनाइट'मध्ये उत्तर मिळाले, तेही पुस्तकाच्या शेवटच्या शब्दसूचीत, एका नोंदीत जाता जाता. सतरा वर्षांचा वाद एका ओळीत मिटला. 'कोणी केले' या प्रश्नाचे हेच होते. उत्तर एकच असते आणि ते आले की बोलण्यासारखे काही उरत नाही.

'कसे चालते' या प्रश्नाचे तसे नाही. सँडरसनने 2007 मध्ये एका निबंधात आपला पहिला नियम मांडला. त्याचा आशय असा, की वाचकाला जादू जितकी नीट समजलेली असेल, तितकाच लेखकाने तिचा वापर पात्रांना संकटातून सोडवण्यासाठी करावा. दिसायला हा लेखकांना दिलेला सल्ला आहे. वाचकाच्या बाजूने पाहिले तर तो करार आहे. अडचण सुटेल ती तुला आधी दाखवलेल्या नियमांतूनच सुटेल, अशी ती हमी. मग वाचकाने नायकाच्या आधी पोहोचायचा प्रयत्न का करू नये?

'मिस्टबॉर्न'मध्ये या प्रयत्नाला पुरेसे साहित्य आहे. मूळ धातू आठ: लोखंड आणि पोलाद, कथील आणि प्यूटर, जस्त आणि पितळ, तांबे आणि कांसे. जोड्या पाहिल्या की लक्षात येते, प्रत्येक जोडीत एक शुद्ध धातू आहे आणि दुसरा त्याचाच मिश्रधातू. शुद्ध धातू ओढतो, मिश्रधातू ढकलतो. आता सोने हाती आले तर सोन्याचा मिश्रधातू कुठे आहे? मेंडेलिव्हने 1869 मध्ये मूलद्रव्यांची सारणी मांडताना रिकाम्या जागा सोडल्या; त्यातली एक 1875 मध्ये गॅलियमने भरली. इथेही तसेच झाले. दुसऱ्या भागात नायिका व्हिन याच तर्काने मिश्रधातू बनवून घेते आणि ड्युरॅल्युमिन शोधते. सोन्याचा जोडीदार इलेक्ट्रम तिसऱ्या भागात येतो. तक्ता सोळाचा निघतो. वाचकाने मांडलेले भाकीत पुढच्या पुस्तकात खरे ठरते, ही चव बॉम्बॅडिलच्या चर्चेत मिळण्याजोगी नव्हती.

पुढे या खेळाचा पट वाढला. सँडरसनच्या कितीतरी कादंबऱ्या वेगवेगळ्या ग्रहांवर घडतात, पण विश्व एकच. त्याला कॉस्मियर म्हणतात. सुरुवातीला पुरावा एवढाच, की होइड नावाचा एक माणूस पुस्तकापुस्तकांतून डोकावतो. 'एलान्ट्रिस'मध्ये (2005) भिकारी, 'मिस्टबॉर्न'मध्ये खबऱ्या, 'वॉरब्रेकर'मध्ये (2009) कथेकरी, 'द वे ऑफ किंग्ज'मध्ये (2010) राजाचा विदूषक. माणूस एका जगातून दुसऱ्या जगात जात असेल, तर जादूही मुळात एकच असेल का? एका जगात धातू, दुसऱ्यात श्वास, तिसऱ्यात वादळातून मिळणारा प्रकाश, आणि या सगळ्यांखाली एकच इंधन?

याची कसोटी नाइटब्लड नावाच्या तलवारीने दिली. 'वॉरब्रेकर'च्या जगात ही बोलणारी तलवार धरणाऱ्याचे श्वास पिऊन टाकते. 2014 च्या 'वर्ड्स ऑफ रेडियन्स'च्या शेवटी ती दुसऱ्याच ग्रहावर, दुसऱ्याच मालिकेत निघते. 2017 च्या 'ओथब्रिंगर'मध्ये ती उपसली जाते आणि श्वासांऐवजी तिथला वादळी प्रकाश शोषू लागते. वरवर पाहता हा लढाईतला एक तपशील. पण दोन जादूंमध्ये इंधनाची अदलाबदल होऊ शकते, हे त्यातून पानावर सिद्ध झाले. त्या इंधनाला या विश्वात 'इन्व्हेस्टिचर' म्हणतात, आणि अडोनाल्सियम नावाच्या आदिशक्तीचे सोळा तुकडे झाले तेव्हापासून ते या जगांत खेळते आहे. धातूंचा सोळा आणि तुकड्यांचा सोळा हा योगायोग नव्हता.

नियम जितके स्पष्ट, तितक्या त्यांतल्या फटीही ठळक. याच विश्वात एक धातू जाळला की आपल्याभोवतीच्या फुग्यात काळ भरभर धावतो. मग फुग्याच्या सीमेवरून जाणाऱ्या प्रकाशाची वारंवारिता बदलायला हवी. आतल्या माणसाला बाहेरचे जग लालसर दिसायला हवे आणि आतला दिवा बाहेरच्यांना भाजून काढू शकेल. पुस्तकांत तसे होत नाही. तेव्हा प्रकाशाला सूट देणारा एक जोडनियम मानावा लागतो. दुसरा पेच ॲटियमचा. हा धातू आधी इतर धातूंच्या पंक्तीत बसवलेला होता. मग कळले की ते एका देवतेच्या शक्तीचे घनरूप आहे. असा दुसरा दैवी धातू, लेरासियम, कोणीही जाळू शकतो. ॲटियम मात्र ज्यांच्या अंगी धातू जाळण्याची शक्ती आहे त्यांनाच जाळता येतो. असे का? पुढे लेखकाने खुलासा केला, की 'मिस्टबॉर्न'च्या पहिल्या तीन भागांत दिसलेला ॲटियम शुद्ध नव्हता, त्यात इलेक्ट्रम मिसळलेले होते.

हा खुलासा चोख बसतो. पण तो पुस्तक लिहून झाल्यावर सुचलेला आहे, आणि नेमका इथे विज्ञानाशी असलेला सारखेपणा संपतो. निसर्ग आपल्या चुका दुरुस्त करत नाही, कारण त्याच्या चुका नसतात. त्याला जाऊन विचारताही येत नाही. सँडरसनला विचारता येते. वाचकांच्या भेटीत तो उत्तरे देतो. द्यायचे नसेल तर जॉर्डनकडून घेतलेले ठेवणीतले वाक्य वापरतो: वाचा म्हणजे कळेल. ही उत्तरे वाचकांनी टिपून ठेवली आणि हळूहळू त्यांना पुस्तकाइतकाच, कधी त्याहून जास्त, मान मिळू लागला. एखादा वाचक पाच पुस्तकांतले दाखले जोडून मांडणी करतो आणि दुसरा एका तोंडी वाक्याने ती निकालात काढतो. लेखकाचे मत पुढे बदलू शकते, घाईत दिलेले उत्तर चुकू शकते, याचा तेव्हा विसर पडतो.

या पेचावर आपल्याकडे फार जुना विचार झाला आहे. पूर्वमीमांसेने वेद अपौरुषेय मानले. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी त्यातून एक शिस्त निघाली: कर्ताच नसेल तर 'तुला काय म्हणायचे होते' असे विचारायचे कुणाला? अर्थ ग्रंथातूनच काढला पाहिजे. म्हणून जैमिनीने पुराव्यांची उतरंड लावून दिली: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. दोहोंत विरोध आला तर आधीचे बलवान, नंतरचे दुबळे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने केवलानंद सरस्वतींचा 'मीमांसाकोश' प्रसिद्ध केला, त्यामुळे मराठी अभ्यासकाला हे शास्त्र दूरचे नाही. कादंबरी अर्थातच पौरुषेय आहे. पण तिच्याबद्दल तर्क करताना अशी उतरंड घालता येते. प्रत्यक्ष घडलेली घटना सर्वांत वर. त्याखाली पात्राचे निरीक्षण, त्याखाली पात्राचे मत. पुस्तकांच्या शेवटी जादूची परिशिष्टे आहेत, पण तीही ख्रिस नावाच्या पात्राच्या लेखणीतून उतरलेली. म्हणजे ती अभ्यासकाची मते झाली, कायद्याची कलमे नव्हेत. लेखकाचे तोंडी उत्तर सर्वांत खाली.

सँडरसनच्या उत्तम पानांना हेच मान्य असावे. 2020 च्या 'रिदम ऑफ वॉर'मध्ये शत्रूच्या कैदेत असलेली राणी नवानी आणि शत्रुपक्षाची विदुषी राबोनिएल मिळून प्रकाशांवर प्रयोग करतात. स्वर जुळवून दोन विरोधी प्रकाश एकत्र आणतात, आणि त्यातूनच नवानी एका प्रकाशाचा नाश करणारा प्रतिप्रकाश तयार करते. गृहीतक, उपकरण, फसलेला प्रयोग, नवे गृहीतक, असा तो क्रम आहे. वाचक वर्षानुवर्षे जे बाहेरून करत होते ते पात्रे आतून करू लागली. त्या खोलीत लेखकाला विचारण्याची सोय नाही, म्हणून तर ती पाने रंगतात.

जादूला कायदा लागल्याने तिचे नवल थोडे उणावले, ही तक्रार खरी आहे. बॉम्बॅडिलला तक्त्यात बसवले असते तर तो बॉम्बॅडिल राहिला नसता. पण ज्याने करार केला त्याला कराराने बांधणे हा वाचकाचा हक्क आहे. तो बजावायचा तर पुढचा तर्क मांडताना त्याच्याखाली एक ओळ जरूर लिहा: पुस्तकात काय सापडले तर हा तर्क मी सोडून देईन. ज्याच्याखाली ही ओळ लिहिता येत नाही, तो तर्क कितीही देखणा असला तरी सोडून दिलेला बरा.