शंका आणि खोटी साक्ष

मतपेटी बंद झाली आणि निकाल अपेक्षेविरुद्ध लागला, तर मोजणाराविषयीं शंका घेणें पाप आहे काय? आमच्या मतें नाहीं. प्रभूनें थोमाला शंकेसाठीं शिष्यांतून घालवून दिलें नाहीं. परंतु थोमानें पुरावा मागितला आणि तो दिसतांच मानला, हा दुसरा भाग आपण बहुधा विसरतों.

अमेरिकेंत मतदानकेंद्रावर न गेलेल्या मतदारास टपालानें मत पाठवितां येतें. १८६४ सालीं यादवी युद्धांतील कित्येक शिपायांनीं छावणींतूनच मतें दिलीं होतीं. रीत चांगली आहे. पण मतदारापासून पेटीपर्यंत कागद परक्याच्या हातीं पडूं शकतो. २०१८ सालीं नॉर्थ कॅरोलायना राज्यांत, प्रतिनिधिसभेच्या नवव्या मतदारसंघांत, तसेंच झालें. एका उमेदवाराच्या हस्तकानें पगारी माणसें घरोघर पाठवून अशीं मतपत्रें बेकायदा गोळा केलीं. दोन उमेदवारांत अंतर ९०५ मतांचें होतें. राज्याच्या निवडणूक मंडळानें शपथेवर साक्षी घेतल्या. त्यांत उमेदवाराचा पुत्रच उभा राहिला व म्हणाला कीं, या माणसाविषयीं आपण वडिलांस आधींच सावध केलें होतें. दुसऱ्या दिवशीं पित्यानें स्वतःच नवी निवडणूक घेण्यास संमति दिली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्यें मंडळानें तसा हुकूम केला. येथें शंकेनें सत्याची सेवा केली. आमच्या मंडळ्यांतही पंच निवडतांना, घरीं खिळलेल्या म्हाताऱ्या विधवेचें मत कोणी आणिलें असें विचारणारास आपण भांडखोर म्हणतों. तें बरें नव्हे.

आतां २०२० सालची अध्यक्षीय निवडणूक पाहा. महामारीमुळें कोट्यवधि लोकांनीं टपालानें मतें दिलीं. पेन्सिल्व्हेनियांत मतदानाच्या दिवसाची सकाळ होईपर्यंत हीं पाकिटें उघडण्यास कायद्याची मनाई होती. म्हणून मोजणी कित्येक दिवस चालली, व पहिल्या रात्रीं मागें असलेले बायडन पुढें गेले. ट्रंप यांनीं टपाली मतांची निंदा केली असल्यानें त्यांचे पुष्कळ अनुयायी केंद्रावरच गेले होते, व तीं मतें आधीं मोजलीं गेलीं. तरी रात्रींतून मतें घातलीं अशी ओरड झाली. जॉर्जियांत सुमारें पन्नास लाख मतें हातानें पुन्हां मोजलीं. तेव्हां फ्लॉइड परगण्यांत सुमारें २,६०० मतें मोजावयाचीं राहिल्याचें आढळलें. तीं धरतां अंतर घटलें, पण निकाल फिरला नाहीं. अखेरचें अंतर ११,७७९ राहिलें. ज्या मोजणीनें स्वतःची चूक उघड केली, तिजवर लबाडीचा आरोप करणारे तरीही थांबले नाहींत.

दोघां-तिघां साक्षीदारांवांचून गोष्ट शाबीत मानूं नये असें मोशाचें नियमशास्त्र सांगतें. येथें तर एका चित्रफितीवरून अटलांटा येथील मोजणी करणाऱ्या मायलेकींस चोर ठरविलें. त्यांनीं एकमेकींस गुप्त यंत्र दिलें असें न्यूयॉर्कचे माजी महापौर जुलियानी म्हणाले; ती वस्तु आल्याची गोळी होती असें कन्येनें २०२२ सालीं शपथेवर सांगितलें. २०२३ सालीं राज्याच्या चौकशींत आरोप निराधार ठरले, आणि त्याच वर्षीं जूरीनें जुलियानींकडून चौदा कोटि ऐंशी लक्ष डॉलर भरपाई ठरविली. धमक्यांमुळें आईला सुमारें दोन महिने घर सोडावें लागलें होतें. दुकानांत ओळखीच्या कोणी नांवानें हांक मारिली तरी आपणांस भीति वाटते, असें तिनें सांगितलें.