शून्य कुठे धरायचा?

सगळे धर्म एकच सत्य वेगवेगळ्या मापांनी मोजतात, असं आपण इतक्या सहज म्हणतो की ती उपमा तपासून पाहायचं राहूनच जातं. दाबाची एककं घेऊन ती तपासता येते. वातावरणाचा प्रमाणित दाब १,०१,३२५ पास्कल म्हणा, ७६० मिलिमीटर पारा म्हणा, की सुमारे १४.७ पीएसआय, मोजलं जातं ते ठरावीक क्षेत्रफळावरचं बलच. मात्र ही अदलाबदल आयती मिळालेली नाही. १९ सप्टेंबर १६४८ रोजी ब्लेझ पास्कलच्या बहिणीचा नवरा फ्लोरँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधला प्वी-द-दोम हा डोंगर चढला. खाली मठाच्या बागेत तशीच दुसरी नळी होती आणि एक संन्यासी दिवसभर तिच्यावर नजर ठेवून होता. वर पारा तीन इंचांहून अधिक उतरला, खालचा जागचा हलला नाही; म्हणजे पाऱ्याची उंची हवेचा दाबच सांगत होती. पुढे पाऱ्याची घनता आणि गुरुत्वाकर्षणाचं मूल्य सर्वांनी मिळून ठरवून घेतलं, तेव्हा कुठे मिलिमीटरचं पास्कलमध्ये नेमकं रूपांतर करता आलं.

एवढं जुळूनही एक प्रश्न उरतोच: शून्य कुठला? टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरली म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा दाब जास्त. निर्वातापासून मोजला तर तो सुमारे ४७ भरतो. टायर पंक्चर होऊन गेजचा काटा शून्यावर आला, तरी आत वातावरणाइतका दाब असतोच. शून्य कुठे धरला हे न सांगता आकडा बदलून दिला, तर गुणाकार बरोबर असूनही उत्तर चुकतं. धर्मांच्या तुलनेत नेमकं हेच निसटतं, असं माझं मत आहे. मुक्ती सगळेच सांगतात. पण जैन दर्शनात ती जीवाला चिकटलेल्या कर्मापासून आहे, अद्वैतात अविद्येपासून आणि ख्रिस्ती श्रद्धेत पापापासून. बंधन कशाला म्हणायचं इथूनच हिशेब वेगळा सुरू होतो. जैनांचा स्याद्वाद मला या बाबतीत फार प्रामाणिक वाटतो. अमुक अपेक्षेने हे खरं, असं तो म्हणतो; म्हणजे आपला शून्य आधी उघड करतो.

यावर कुणी म्हणेल, परमतत्त्व मोजताच येत नाही, मग हा काटेकोरपणा कशाला? मान्य; पण जे मोजता येत नाही त्याची मापं एकमेकांत बदलता येतात, हा दावाही मग सोडावा लागेल. खुद्द पास्कलने शरीर, बुद्धी आणि ईश्वरी प्रेम या तीन पातळ्यांमध्ये अनंत अंतर मानलं होतं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: भेद मान्य केले तर भांडणं वाढतील. हे भय खोटं नाही. एकत्वाच्या त्या वाक्याने अनेकदा माणसं जवळही आणली आहेत. पण शेजाऱ्याची श्रद्धा माझ्याच श्रद्धेचं दुसरं नाव आहे असं आधीच ठरवलं, तर त्याला विचारण्यासारखं माझ्याकडे काहीच उरत नाही. त्याचा शून्य कुठे आहे, हे त्यालाच विचारावं लागतं.