अपराध्याचा कैवार

खेड्यांतील मंडळी आम्हां वकिलांस वारंवार विचारतात, "वकीलसाहेब, मनुष्य गुन्हेगार आहे हें ठाऊक असतां तुम्ही त्याची बाजू कशी घेतां?" प्रश्न सरळ आहे, त्याचें उत्तर टाळणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

इ. स. १८४० सालीं लंडन शहरांत ह्या प्रश्नाची खरी कसोटी लागली. लॉर्ड विल्यम रसेल ह्या वृद्ध गृहस्थाचा निजावयाच्या खोलींत गळा कापून खून झाला, व त्याचा स्विस नोकर कूर्व्हाझिए ह्याजवर खटला चालला. अशा गुन्ह्यांत आरोपीच्या वकिलास ज्यूरीपुढें भाषण करण्याचा अधिकार १८३६ च्या कायद्यानें नुकताच मिळाला होता. खटला अर्ध्यावर आला असतां आरोपीनें आपले वकील चार्ल्स फिलिप्स ह्यांस खुनाची कबुली दिली; तथापि त्यांनीं बचाव पुढें चालवावा, असा आग्रह धरिला. फिलिप्स मोठ्या पेचांत पडले. त्यांनीं न्यायासनावर बसलेले बॅरन पार्क ह्यांचा सल्ला घेतला. पुराव्यांतून निघणारे सर्व योग्य मुद्दे मांडून बचाव करणें हें तुमचें कर्तव्य आहे, असें त्यांनीं सांगितलें. फिलिप्सनीं तसें केलें. ज्यूरीनें आरोपीस दोषी ठरविलें व जुलै महिन्यांत त्यास फांशी झाली.

मागाहून फिलिप्सवर टीकेचा भडिमार झाला. आरोपीच्या निर्दोषपणाविषयीं त्यांनीं ईश्वराला साक्षी ठेविलें व घरांतील मोलकरणीवर संशय लोटला, असें लोक म्हणूं लागले. १८४९ सालीं त्यांनीं हे आरोप नाकारिले.

आमच्या मतें प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. पुरावा पुरा पडतो कीं नाहीं हें पाहणें निराळें, आणि असत्य बोलणें निराळें. भोळ्या साक्षीदारास उलटतपासणींत गोंधळवून टाकण्याची कला आम्हांस अवगत असते. पण तो खरें बोलत आहे हें जाणूनही त्यास खोटा ठरविणें, किंवा निरपराध मोलकरणीच्या माथीं खून मारणें, ह्यास बचाव म्हणतां येत नाहीं. भारतांतील वकिलांच्या नियमांतही हेंच तत्त्व आहे: आरोपीविषयीं स्वतःचें मत कांहींही असो, वकिलानें त्याचा बचाव करावा, कारण पुरेशा पुराव्यावांचून कोणासही दोषी ठरवूं नये.

वकिलानेंच आधीं निकाल दिला तर न्यायाधीश कशास हवा? गांवांत चोरी झाली म्हणजे बोट बहुधा प्रथम गरिबाकडेच वळतें. त्याच्या बाजूनें एक तरी मनुष्य उभा राहिला पाहिजे. मात्र जो उभा राहील त्यानें एकाला सोडविण्यासाठीं दुसऱ्या निरपराध्याचा बळी देऊं नये.