आनंदाची सक्ती

बाळंतिणीचे जेवढे लाड होतात तेवढे आपल्याकडे दुसऱ्या कोणाचेही होत नाहीत, असे आपण अभिमानाने सांगतो. आणि ते अगदीच खोटे नाही. पहिल्या खेपेस मुलगी माहेरी येते. ऐपतीप्रमाणे डिंक, अळीव, खोबरे जमवले जाते, शेकशेगडी होते, सव्वा महिना विसावा मिळतो. या रीतीत शहाणपण आहे. मात्र ते लाडवात आहे की लाडू वळणाऱ्या हातात आहे, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

बाळंतिणीचे अंग दुखले की घर धावते. मन दुखले की घर गोंधळते, आणि थोड्याच वेळात रागावते. “सोन्यासारखे मूल मांडीवर असताना रडतेस कसली?” हे वाक्य मायेनेच उच्चारलेले असते, पण त्यात एक हुकूम दडलेला असतो. तू आनंदी असलेच पाहिजेस!

वास्तविक प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत पुष्कळ स्त्रियांना उगीचच रडू येते आणि ते आपोआप ओसरते. पण दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, मूल निजले तरी हिला झोप येत नसेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे.

या आजाराचा घराशी काय संबंध? आमच्या रत्नागिरीहून सिंधुदुर्ग ओलांडला की गोवा लागतो. तेथे डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० गर्भवतींपासून आरंभ करून एक अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ आयांना नैराश्याने ग्रासलेले आढळले आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणांत दारिद्र्य होते, तसेच नवऱ्याशी बिघडलेले संबंध होते. मुलगा झाला की मुलगी, यानेही फरक पडत होता. सर्वांत बोलकी गोष्ट अशी की, या आजारी आयांपैकी शेकडा ७८ जणी गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. म्हणजे त्यांचे दुःख मुलाबरोबर जन्मले नव्हते. ते आधीच घरात येऊन बसले होते.

येथे एखादी सासू म्हणेल, “आम्ही चार-चार बाळंतपणे काढली, आम्हाला नाही असले काही झाले.” कदाचित झाले नसेल. कदाचित झालेही असेल, पण विचारले कोणी? न बोललेले दुःख म्हणजे नसलेले दुःख नव्हे. तिच्यावर रागावण्यापेक्षा तिलाच आज विचारावे, “तेव्हा तुम्हाला काय वाटले होते?” त्या उत्तरातून सुनेला एक सोबतीण मिळण्याचा संभव आहे.

भावनेची आज्ञा देता येत नाही, कर्तव्याची देता येते, असे जर्मन तत्त्ववेत्ता कांट मानत असे. मूल भुकेले न ठेवणे हे कर्तव्य होय, आणि ते एकट्या आईचे नव्हे, साऱ्या घराचे होय. त्या मुलाकडे पाहून उचंबळून येणे हे मात्र कोणाचेही कर्तव्य असू शकत नाही. ते आले तर भाग्य. उशिरा आले तरी भाग्यच. जी आई आज रडते ती वाईट आई ठरत नाही. पण रडण्याबद्दल जिला शिक्षा होते ती हळूहळू बोलणे सोडते, आणि तेथून खरा धोका सुरू होतो.

कोकणातला चाकरमानी पूर्वी मुंबईहून पत्र लिही, आता फोन करतो. पहिला प्रश्न मात्र तोच, “बाळ कसे आहे?” त्याआधी “तू कशी आहेस?” असे विचारावे, आणि उत्तर ‘बरी नाही’ असे आले तर ते पुरते ऐकून घ्यावे. गरज पडल्यास डॉक्टरकडे न्यावे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही विनामूल्य सल्ला मिळतो. ताप आल्यावर औषध आणण्यात जसा कमीपणा नाही, तसा यातही नाही.

घरात माणसे किती आहेत यावरून बाळंतीण एकटी आहे की नाही हे ठरत नाही. आपले दुःख न भिता सांगता येईल असे एक माणूस तिला असले, तरी पुष्कळ आहे.