भाकर राखणारा



सकाळी पाववाला येतो आणि आपल्या घरी लादी येते. चहात पाव बुडवताना या शब्दाचा विचार आपण सहसा करीत नाही. पायाने मळतात म्हणून पाव, असे लहानपणी कोणीतरी आपल्याला सांगितलेले असते. ते खरे नाही. लॅटिन भाषेत भाकरीला 'पानिस' म्हणतात. त्यावरून पोर्तुगीज शब्द झाला आणि पोर्तुगिजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर उतरून 'पाव' झाला.

आज आपण एका इंग्रजी शब्दाकडे पाहू या. अख्ख्या पावाला इंग्रजीत 'लोफ' म्हणतात. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'ह्लाफ' असा होता आणि एकूणच भाकरीला तो वापरीत. 'ब्रेड' त्याच्या जागी पुढे आला. घरच्या धन्याला तेव्हा 'ह्लाफवेअर्ड' म्हणत, म्हणजे भाकर राखणारा. बोलता बोलता हा शब्द झिजला आणि त्याचा 'लॉर्ड' झाला. घरधनीण ती भाकरीची कणीक मळणारी. तिच्या नावाची 'लेडी' झाली. घरच्या चाकराला म्हणत 'भाकर खाणारा'. इ. स. ६०० च्या सुमारास केंटचा राजा एथेलबर्ट याने कायदे लिहवून घेतले. हा राजा कँटरबरीच्या संत ऑगस्टीन यांच्या प्रचारकार्यामुळे ख्रिस्ती झाला होता. त्याच्या कायद्यात चाकरासाठी हाच शब्द आहे. शेतकऱ्याच्या 'भाकर खाणाऱ्या'ला कोणी ठार मारले, तर ६ शिलिंग भरपाई द्यावी, असे तेथे सांगितले आहे.

पुढे इंग्लंडच्या ख्रिस्ती लोकांना लॅटिनमधील 'दोमिनुस', म्हणजे प्रभू, यासाठी आपल्या भाषेत शब्द हवा होता. त्यांनी हाच घरगुती शब्द घेतला. म्हणून आजही इंग्रजी मिस्सेत आपण 'लॉर्ड' म्हणतो, तेव्हा नकळत 'भाकर राखणारा' अशी हाक मारतो.

शब्दाच्या मुळावरून श्रद्धा सिद्ध होत नाही, हे खरे. पण शब्द कधी कधी आरशासारखा समोर येतो. प्रभू येशूने भाकर कशी राखली? कुलपात ठेवली नाही. रानात पाच भाकरी हाती आल्या, तेव्हा त्याने आभार मानले आणि त्या वाटल्या. शेवटच्या भोजनाच्या रात्री तर तो धनी असून शिष्यांचे पाय धुवायला खाली बसला आणि भाकरीच्या रूपात स्वतःलाच देऊन गेला. राखणारा स्वतःच भाकर झाला.

आता आपल्या घरात डोकावून पाहू या. आपण कमावतो, म्हणून घरात आपला शब्द चालतो. पण कधी कधी आपल्या हातची भाकर फार महाग पडते. म्हाताऱ्या आईला औषधाचे पैसे मागताना आवाज खाली घ्यावा लागतो. काम सुटलेल्या भावाला जेवताना टोमणा ऐकावा लागतो. धुणीभांडी करणाऱ्या मावशींना आपण कालचा, कडक झालेला पाव देतो आणि दान केल्याचे समाधान मानतो. कणीक मळणारी तर सर्वांचे झाल्यावर, उरलेले खाते. आपल्या घरात भाकरीला तोटा नाही. राखणारा मात्र आपण विसरलो आहोत. आपण नुसते मालक झालो आहोत.

आणखी एक इंग्रजी शब्द आपल्या ओळखीचा आहे: 'कंपॅनियन', म्हणजे सोबती. त्याच्या पोटातही तोच लॅटिन 'पानिस' आहे. ज्याच्यासोबत भाकर खातो, तो सोबती. नुसती भाकर दिल्याने सोबत होत नाही. त्यासाठी शेजारी बसावे लागते.

जुन्या इंग्लंडमध्ये १ ऑगस्टला 'लॅमस', म्हणजे भाकरीची मिस्सा, असा सण असे. नव्या गव्हाची पहिली भाकर त्या दिवशी देवळात आशीर्वादासाठी आणीत. मुंबई-साष्टीच्या आपल्या ईस्ट इंडियन बांधवांचा आगेरा सणही असाच. भाताच्या पहिल्या लोंब्या ते प्रभूपुढे ठेवतात. पहिला घास देवाचा, म्हणजे बाकीचेही आपल्या एकट्याचे नाही, ही त्यामागची समज.

लादीतून एक पाव तोडून पाहा. त्याच्या बाजूला शेजारच्या पावाची खूण राहिलेली असते. एकमेकांना टेकूनच ते भाजले जातात. आज ख्रिस्तशरीर स्वीकारून आपण घरी जाऊ, तेव्हा जेवणाच्या वेळी एकच करू या. घरात जो सर्वात शेवटी जेवतो, त्याला आज पहिल्यांदा वाढू या आणि त्याचे जेवण होईपर्यंत त्याच्याशेजारी बसू या.

हे प्रभो, भाकर राखायला आम्हाला तुझ्यासारखे शिकव. आमेन.